टायटानियाचे नॅनोपार्टिकल आणि नॅनोट्यूब: नागपुरात बसून कसे बनवायचे, कसे तपासायचे

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या सुरुवातीला गाईडनी "टायटानियावर (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडवर) काम कर" असं सांगितलं आणि तुम्ही पेपर वाचून वाचून थकले असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच लिहितेय. पेपरमध्ये सगळं चार ओळीत आटपतं, "टीटीआयपी आयसोप्रोपेनॉलमध्ये मिसळलं, पाणी टाकलं, ४५० अंशाला तापवलं" आणि पुढे थेट एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) सुंदर फोटो. मधलं कोणी सांगत नाही, आणि मधलं म्हणजे बहुतेक वेळा पाणीच असतं: किती पाणी, कधी, कुठून आलं. टायटानियाच्या कामात जे जे बिघडतं त्यातलं निम्मंअधिक पाण्यामुळे बिघडतं हे माझं पक्कं मत आहे, म्हणून ते वाचताना डोक्यात ठेवा.

१. आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय बनवायचंय

टायटानियाचे तीन नेहमीचे फेज (अणूंच्या मांडणीचे प्रकार) आहेत, अ‍ॅनाटेज, रुटाइल आणि ब्रुकाइट. फोटोकॅटॅलिसिससाठी, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने रिअ‍ॅक्शन घडवायला, बहुतेक लोक अ‍ॅनाटेजच्या मागे असतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटानियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं तेव्हापासून हा विषय पेटला, आणि गंमत म्हणजे त्यांचा इलेक्ट्रोड रुटाइलचा होता. म्हणजे "अ‍ॅनाटेजच चांगलं" हे डोळे मिटून धरू नका, काय वापरासाठी पाहिजे ते बघा.

आकाराचं म्हणाल तर नवीन माणसासाठी तीन रस्ते आहेत. गोलसर नॅनोपार्टिकल पाहिजे असतील तर सोल-जेल (द्रावणाचं जेल करून ते तापवायचं). ट्यूबची पावडर पाहिजे असेल तर हायड्रोथर्मल (बंद भांड्यात पाण्याच्या द्रावणात तापवायचं). पत्र्यावर उभ्या रांगेत चिकटलेल्या ट्यूब पाहिजे असतील, सोलर सेल किंवा सेन्सरसाठी, तर विजेने पत्र्यावरच ट्यूब वाढवणारं अ‍ॅनोडायझेशन. पहिल्यांदा करत असाल तर सोल-जेलनेच सुरू करा, हात बसतो आणि खर्च कमी. बाकी दोन्ही नंतर.

२. सामान गोळा करा

सोल-जेलसाठी लागेल:
– टीटीआयपी, म्हणजे टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, शक्यतो छोटी बाटली
– ड्राय आयसोप्रोपेनॉल, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, थोडं नायट्रिक अ‍ॅसिड
– डीआयोनाइज्ड पाणी (नळाचं नाही, बोअरचं तर अजिबातच नाही)
– मॅग्नेटिक स्टरर, ओव्हन, प्रोग्राम करता येणारी मफल फर्नेस, अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल
– डेसिकेटर, सिलिका जेल, पॅराफिल्म
– नायट्राइल ग्लोव्ज, गॉगल, एन-९५ मास्क

मास्कवर मुद्दाम जोर देते. बल्कमध्ये टायटानिया टूथपेस्टमध्येही असतो म्हणून लोक बिनधास्त होतात, पण श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) २बी गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. कोरडी पावडर खलात घोटताना पंखा बंद ठेवा आणि मास्क लावा.

टीटीआयपीची छोटी बाटली का, तर एकदा सील तोडलं की ती हवेतली वाफ ओढायला लागते आणि झाकणाच्या कडेला पांढरा थर धरतो. तो थर म्हणजे तुमचा टीटीआयपी तिथल्या तिथे टायटानिया झालाय. आता नागपूरची खास गोष्ट ऐका. टीटीआयपी साधारण १७ अंशाच्या खाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो. सकाळी कपाट उघडलं आणि अख्खी बाटली घट्ट दिसली तर खराब झाली म्हणून फेकू नका, झाकण न उघडता उबदार खोलीत ठेवा, पुन्हा पातळ होईल. पातळ झाल्यावर पारदर्शक दिसलं तर माल चांगला. आत पांढरे कण तरंगताना दिसले तर मात्र ती बाटली गेली समजा.

३. सोल-जेल: दिवस आणि हवा बघून काम काढा

मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की टीटीआयपी बीकरमध्ये ओतलं तरी बराच वेळ स्वच्छ राहतं. तीच रेसिपी जुलैत केली की ओतता ओतताच दूध. पण मे महिन्यातही एक फसवणूक आहे, आणि ती म्हणजे कूलर. अर्ध्या लॅबमध्ये खिडकीला डेझर्ट कूलर लावलेला असतो, त्याची ओली हवा थेट बेंचवर येते, आणि मग पोरं म्हणतात की काल जेल मस्त झालं होतं, आज काहून पांढरं होऊन राहिलं. टीटीआयपी काढण्याआधी कूलर बंद करा आणि थोडं थांबा. गरम होईल, चालेल. लॅबमध्ये स्वस्तातलं हायग्रोमीटर लावा आणि वहीत दर वेळी तापमानाशेजारी आर्द्रता लिहा. हा एक आकडा तुम्हाला पुढे सहा महिन्यांनी वाचवेल.

काचेचं सामान ११० अंशाला ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करा. मग असं करा:

अ) कोरड्या बीकरमध्ये ४० मिली आयसोप्रोपेनॉल घ्या, स्टररवर ठेवा, कोरड्या सिरिंजने १० मिली टीटीआयपी सोडा.

आ) त्यात २ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टाका. हे जवळजवळ एकास एक मोल होतं. अ‍ॅसिड टायटॅनियमला धरून ठेवतं आणि पाण्याशी होणारी रिअ‍ॅक्शन हळू करतं. अर्धा तास फिरू द्या.

इ) वेगळ्या बीकरमध्ये २० मिली आयसोप्रोपेनॉल, २.५ मिली डीआयोनाइज्ड पाणी आणि नायट्रिक अ‍ॅसिडचे काही थेंब मिसळा. हे मिश्रण पहिल्या बीकरमध्ये थेंब थेंब सोडायचं, ब्युरेटनेच. इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. थेंब पडला की त्या जागी पांढरा ढग येतो आणि फिरता फिरता विरतो, तो विरेपर्यंत पुढचा थेंब नाही. ढग विरायचा थांबला की तिथून पुढे तुम्ही जेल नाही, गाळ बनवताय.

ई) झाकून रात्रभर ठेवा. बीकर तिरपं केल्यावर आतलं हललं नाही की जेल झालं.

वाळवताना एक धोका आहे. जेलमध्ये भरपूर आयसोप्रोपेनॉल असतं आणि ते साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. आधी फ्यूम हूडमध्ये वास जाईपर्यंत सुकवा, मगच ८० अंशाला ओव्हनमध्ये, आणि तोही व्हेंट असलेला ओव्हन.

नंतर खलात बारीक करून फर्नेसमध्ये ४५० अंश, २ तास, आणि चढ मिनिटाला २ ते ५ अंशांपेक्षा जास्त नको. पटकन चढवलं की आतलं ऑरगॅनिक नीट जळत नाही आणि पावडर राखाडी किंवा तपकिरी निघते. ते बघून काही जण खुश होतात की बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) कमी झाला, प्रत्यक्षात तो कार्बन असतो. १० मिली टीटीआयपीतून हिशेबाने साधारण २.७ ग्रॅम टायटानिया निघतो. तुम्हाला ४ ग्रॅम मिळाला तर आनंद नका मानू, अजून पाणी आणि ऑरगॅनिक आत आहे.

तापमान जास्त नेलं की अ‍ॅनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं, शुद्ध मालात साधारण ६०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात, पण कणांचा आकार आणि डोपिंग (मुद्दाम मिसळलेलं दुसरं मूलद्रव्य) यावर ते बरंच मागेपुढे सरकतं. आणि हा रस्ता एकेरी आहे, रुटाइल झालेलं थंड केल्यावर परत अ‍ॅनाटेज होत नाही. म्हणून सगळी पावडर एकदम फर्नेसमध्ये घालू नका, थोडी थोडी वेगवेगळ्या तापमानाला करा आणि थोडी न तापवलेली बाजूला ठेवा.

संत्र्याच्या सालीबद्दल दोन शब्द. नागपूर म्हटल्यावर कोणीतरी "सालीच्या अर्काने ग्रीन सिंथेसिस कर" असं सुचवणारच. जरूर करा, विषय चांगला आहे. पण त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, अर्काऐवजी नुसतं पाणी टाकून एक सॅम्पल सोबत बनवा. ते नसेल तर अर्काने नेमकं काय केलं हे व्हायव्हात सांगता येणार नाही, कारण टीटीआयपीला टायटानिया व्हायला अर्कातलं पाणी पण पुरतं.

४. हायड्रोथर्मल: ट्यूबची पावडर

ही पद्धत कासुगा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली. १ ग्रॅम टायटानिया पावडर, १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ८० मिली (म्हणजे ३२ ग्रॅम पेलेट्स विरघळवून ८० मिली करायचं), ऑटोक्लेव्हच्या (घट्ट बंद होणाऱ्या स्टीलच्या भांड्याच्या) १०० मिली टेफ्लॉन लायनरमध्ये, १३० अंश, २४ तास. कागदावर इतकंच आहे. आता सावधगिरी.

पेलेट्स पाण्यात टाकताना द्रावण खूप तापतं, बीकर बर्फात ठेवा, थोडे थोडे टाका, आणि गॉगल हवाच, कारण इतकं तिखट अल्कली डोळ्यात गेलं तर ते अ‍ॅसिडपेक्षा वाईट. बीकर प्लास्टिकचं घ्या, काच झिजते आणि सिलिका तुमच्या सॅम्पलमध्ये येते. लायनर ८० टक्क्यांच्या वर भरू नका. ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, कोमट वाटलं तरी नाही. संध्याकाळी ओव्हन बंद करून सकाळी उघडायची सवय लावा.

खरं काम धुण्यात आहे. ऑटोक्लेव्हमधून निघतं ते टायटानिया नसतं, सोडियम टायटानेट असतं. आधी पाण्याने, मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने, मग पुन्हा पाण्याने पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत सेंट्रिफ्यूज करत राहायचं, कंटाळा येतो पण करायचं. अ‍ॅसिडने सोडियम निघून हायड्रोजन येतो, आणि नंतर ४०० ते ४५० अंशाला तापवल्यावर ते अ‍ॅनाटेज होतं. धुणं अर्धवट राहिलं की एक्सआरडीत (एक्स-रेने फेज ओळखायच्या तपासणीत) १० अंशाजवळ एक रुंद पीक (आलेखातला उंचवटा) दिसतो आणि लोक तो कुठल्या फेजचा म्हणून डोकं खाजवत बसतात. तो टायटानेटच्या थरांमधल्या अंतराचा असतो. फार जास्त तापवलं तर ट्यूब बसतात आणि रॉड होतात, तेही लक्षात असू द्या.

५. अ‍ॅनोडायझेशन: पत्र्यावर ट्यूब

टायटॅनियमचा ०.१ ते ०.२५ मिमी पत्रा, डीसी पॉवर सप्लाय ६० व्होल्टपर्यंतचा, समोर प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइट. पत्रा अ‍ॅसिटोन, इथेनॉल आणि पाणी यात सोनिकेट करून स्वच्छ करा. १०० मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.३३ ग्रॅम अमोनियम फ्लोराइड, म्हणजे वजनाने ०.३ टक्के, आणि २ मिली पाणी. पत्रा पॉझिटिव्हला जोडा, उलटं जोडलं तर तासभर बसून हाती काही येत नाही.

करंट वहीत लिहीत राहा. सुरुवातीला तो झपकन पडतो, मग जरा वर येतो, मग हळूहळू उतरतो. हा मधला चढ दिसला की भोकं पडायला लागली असं समजायचं. ट्यूबची रुंदी मुख्यतः व्होल्टेजवर ठरते आणि लांबी बऱ्यापैकी वेळेवर. पावसाळ्यात पुन्हा तोच ताप: इथिलीन ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, बाटली उघडी राहिली तर तुमचे २ टक्के कधी ४ टक्के झाले कळणार पण नाही.

फ्लोराइडबद्दल एकदम स्पष्ट सांगते. अमोनियम फ्लोराइडमध्ये अ‍ॅसिड पडलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते कातडीतून आत जातं आणि सुरुवातीला दुखत पण नाही. प्लास्टिकचंच भांडं, डबल ग्लोव्ज, आणि लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय काम सुरूच करू नका. जेल लावून झालं की वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं.

तयार ट्यूब अमॉर्फस (स्फटिक न झालेल्या) असतात. ४५० अंशाला तासभर तापवल्यावर अ‍ॅनाटेज होतात. त्याआधी त्या रात्रभर पाण्यात ठेवू नका, पाण्यात त्यांचा आकार आणि रचना दोन्ही बदलायला लागतात.

६. तपासणी: आधी एक्सआरडी, बाकी सगळं नंतर

एसईएमचा फोटो हातात असला की प्रोजेक्ट झाल्यासारखं वाटतं, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. पण फोटोवरून फेज कळत नाही. एक्सआरडी स्वस्त आहे, तोच आधी करा. त्यात गडबड निघाली तर पुढचे पैसे वाचले.

एक्सआरडी: कॉपरच्या के-अल्फाने (मशीनमधल्या नेहमीच्या एक्स-रेने) अ‍ॅनाटेजचा मुख्य पीक २५.३ अंशाला, रुटाइलचा २७.४ ला. ब्रुकाइटचा मोठा पीक अ‍ॅनाटेजवरच येऊन बसतो, म्हणून ब्रुकाइट आहे का ते ३०.८ ला बघा. तुलनेसाठी जेसीपीडीएस कार्ड (प्रमाण पीकची यादी) अ‍ॅनाटेजचं २१-१२७२ आणि रुटाइलचं २१-१२७६.

पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायचं शेररचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं पण रुंदी रेडियनमध्ये घालायची राहते. उदाहरण घ्या: २५.३ च्या पीकची रुंदी ०.५ अंश, म्हणजे ०.००८७३ रेडियन. थीटा २५.३ च्या निम्मा, १२.६५ अंश, त्याचा कोसाइन ०.९७६. मग ०.९ गुणिले ०.१५४०६ भागिले या दोघांचा गुणाकार, उत्तर साधारण १६ नॅनोमीटर. तुमचं उत्तर ०.३ नॅनोमीटर आलं तर अंश तसेच घातलेत. हा क्रिस्टलाइटचा (एकसंध स्फटिकाचा) आकार आहे, कणाचा नाही, एका कणात असे अनेक असू शकतात, त्यामुळे एसईएममध्ये मोठा आकार दिसला तर दोन्ही बरोबर असू शकतात. मशीनची स्वतःची रुंदी पण वजा करावी लागते, त्यासाठी स्टँडर्डचा डेटा ऑपरेटरकडून मागून घ्या.

मिश्र फेज असेल तर दोन्ही मुख्य पीकच्या उंचीवरून अ‍ॅनाटेजचा वाटा काढता येतो: १ भागिले (१ अधिक १.२६ गुणिले रुटाइल बाय अ‍ॅनाटेज). अ‍ॅनाटेज १०० आणि रुटाइल २० असेल तर वजनाने साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज. बाजारातली प्रसिद्ध पी-२५ पावडर साधारण याच प्रमाणात असते, तुलनेला ती घेतलेली बरी.

रामन (लेझर पाडून फेज ओळखणं): थोडीशी पावडर पुरते. अ‍ॅनाटेजचे पीक १४४, ३९९, ५१६ आणि ६३९ प्रति सेंटीमीटर, त्यात १४४ चा सगळ्यात उंच. रुटाइलचे ४४७ आणि ६१२. एक्सआरडीत न दिसलेलं थोडंसं दुसरं फेज कधी कधी इथे पकडलं जातं.

एसईएम आणि ईडीएस (त्याला जोडलेली, मूलद्रव्यं मोजणारी तपासणी): टायटानिया करंट नीट वाहून नेत नाही, गोल्ड कोटिंगशिवाय फोटो पांढरा भडक येतो. ईडीएसच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. टायटॅनियमची एल रेषा ०.४५ केईव्हीला आणि ऑक्सिजनची के रेषा ०.५२५ ला, दोन्ही एकमेकांवर चढतात, नायट्रोजनची ०.३९ ची पण त्याच घोळक्यात. "ईडीएसने नायट्रोजन डोपिंग सिद्ध झालं" असं लिहिलं की जाणकार परीक्षक तिथेच बोट ठेवतो. त्यासाठी एक्सपीएस (पृष्ठभागावरच्या अणूंची तपासणी) लागतं. सोडियम उरलाय का हे बघायला मात्र ईडीएस छान. हायड्रोथर्मलच्या ट्यूब साधारण १० नॅनोमीटर रुंद असतात, त्या पोकळ आहेत हे दाखवायला टीईएमच (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) हवं, एसईएममध्ये नुसत्या दोऱ्या दिसतील.

यूव्ही-डीआरएस (पावडर कुठला प्रकाश शोषते ते मोजणं): अ‍ॅनाटेजचा बँडगॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे १२४० भागिले ३.२, साधारण ३८८ नॅनोमीटर. रुटाइलचा ३.०. टॉक प्लॉट (बँडगॅप काढायचा आलेख) काढताना अ‍ॅनाटेज इनडायरेक्ट असल्याने घात अर्धा घ्यायचा. वर्ग घेतला की आकडा वर सरकतो, आणि मग "क्वांटम इफेक्ट मिळाला" अशी चुकीची समजूत होते.

फोटोकॅटॅलिसिस: मेथिलीन ब्ल्यू (निळा डाय) घेतलं तर ६६४ नॅनोमीटरला वाचा. लाइट लावण्याआधी अर्धा तास अंधारात फिरवा, कारण डाय पावडरला नुसताच चिकटतो. पावडर न टाकता एक ब्लँक लावाच, डाय स्वतःहून पण उडतो. वाचण्याआधी सेंट्रिफ्यूज करा. आपल्याकडच्या उन्हात प्रयोग करायचा मोह होतो आणि ऊन भरपूर आहे हे खरं, पण त्यात यूव्ही जेमतेम ४-५ टक्के, आणि व्हिजिबल लाइटमध्ये डाय स्वतःच प्रकाश शोषून फसवा रिझल्ट देतो. व्हिजिबल अ‍ॅक्टिव्हिटीचा दावा करायचा असेल तर फिनॉलसारखं रंगहीन काहीतरी पण वापरून दाखवा.

७. सॅम्पल पाठवताना

आधी शहरातच विचारा. विद्यापीठाचे विभाग, व्हीएनआयटी, एलआयटी, नीरी, कुठे काय सुरू आहे आणि बाहेरच्यांना देतात का हे फोन करून कळतं, मशीन यादीत असणं आणि चालू असणं यात फरक असतो. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. टीईएमसाठी आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण केंद्रात पाठवावं लागलं तर नंबर लागायला वेळ जातो, सबमिशनच्या महिन्यात पाठवून उपयोग नाही.

जवळ ठेवा: गाईडच्या सहीचं आणि एचओडीच्या शिक्क्याचं पत्र, कॉलेजचं आयडी, भरलेला फॉर्म, पैसे भरल्याची पावती, एमएसडीएस (केमिकलच्या सुरक्षिततेचा माहितीकागद). विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, पण पत्र नसेल तर देत नाहीत.

पावडर स्क्रू कॅपच्या व्हायलमध्ये, पॅराफिल्म लावून, आणि लेबलवर "सॅम्पल १" असं नाही तर तारीख, पद्धत, तापमान. पेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते म्हणून पेन्सिलने लिहून वर सेलोटेप. बीईटीला (सरफेस एरिया मोजायला) १०० ते २०० मिलिग्रॅम लागेल, टीईएमला काही मिलिग्रॅम, एक्सआरडीला होल्डरप्रमाणे जास्त. बीईटीच्या फॉर्मवर डीगॅसिंगचं तापमान स्वतः लिहा, कारण पावडरने ओढलेलं पाणी पूर्ण निघालं नाही तर सरफेस एरिया कमी येतो. तापवलेल्या पावडरला १५० अंश चालतं, टायटानेटला आधी गाईडला विचारून कमी ठेवा.

प्रत्येक टेस्टसोबत रॉ डेटा मागा, आकड्यांची फाईल. नुसतं पीडीएफ घेतलं तर पीकची रुंदी मोजता येत नाही आणि महिन्याभराने मागायला गेलं तर डेटा डिलीट झालेला असतो. उरलेलं सॅम्पल परत पाहिजे असेल तर तेही फॉर्मवर आधीच लिहा, आणि निम्मी पावडर डेसिकेटरमध्ये आपल्याजवळ ठेवूनच बाकीची पाठवा.